टोक नसलेला डोंगर



परवा टपालात लातूरच्या एका आईचं पत्र आलं. ताई लिहितात, 'मुलगा आठवीत आहे. त्याला चित्रकलेची फार आवड. सुटीत एखाद्या निसर्गरम्य ठिकाणी चार-पाच दिवसांचं निसर्गचित्रणाचं शिबिर असेल तर सुचवा. त्या निमित्ताने आमचीही हवापालट होईल.' पत्राच्या खाली मुलाची पुरवणी आहे, निळ्या स्केचपेनने लिहिलेली: 'बाई, तिथे धबधबा पाहिजे. आमच्या इकडे काढण्यासारखं काहीच नाही.'

पुरवणी वाचून हसू आलं, आणि थोडं टोचलंही. कारण मी राहते येडशीला, धाराशिव जिल्ह्यात. लातूरचं 'इकडे' आणि येडशीचं 'इकडे' यांत फारसा फरक नाही. आणि असंच काहीतरी मीही पूर्वी म्हणायची. म्हणून आज तुम्हा सगळ्यांसमोरच उत्तर देते.

आधी ताईंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. अशी शिबिरं भरतात. मोठे चित्रकार घेतात, खासगी कलावर्ग घेतात, कधी चार कलाशिक्षक मिळूनही घेतात. जाहिरात दिसली तर दिसली, नाही तर पत्ता काढायचा खात्रीचा मार्ग म्हणजे शाळेतले चित्रकलेचे सर. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे ही सर-बाई मंडळी एकमेकांना ओळखत असतात. कोण मनापासून शिकवतं आणि कोण नुसतेच फोटो काढून घेतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. दुसरा मार्ग कला महाविद्यालयांचा. मुंबईचं जे. जे. तर १८५७ सालचं, पण छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथेही सरकारी चित्रकला महाविद्यालयं आहेत. तिथे चौकशी करायला पैसे पडत नाहीत.

ठिकाणांचं म्हणाल, तर निसर्गचित्र काढणाऱ्यांना विचारून पाहा. पुष्कळ जण वाईचं नाव घेतील. सातारा जिल्ह्यातली वाई. कृष्णेचा घाट, घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ, जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यापुढचा घाट. तिथे एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेतली. (तुमच्या आईबाबांनी २००४ सालचा 'स्वदेस' पाहिला असेल, तर मेणवली त्यांनी पडद्यावर पाहिलेलीच आहे.) दगडी पायऱ्या, त्यांचं पाण्यात पडलेलं हलतं प्रतिबिंब, बसायला झाडाची सावली. चित्रकाराला आणखी काय पाहिजे?

आणि कोल्हापूर! तिथे राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारात आबालाल रहिमान नावाचे चित्रकार होते. मुंबईला जे. जे. मध्ये शिकले आणि परत आपल्या गावी आले. गावातल्या कोटितीर्थ तलावाची त्यांनी वेगवेगळ्या वेळची कितीतरी चित्रं काढली. १९३१ मध्ये ते वारले. तलाव एकच, चित्रं मात्र अनेक. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. कोल्हापूरला गेलात तर राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयही बघून या. हे मांडरे म्हणजे आजी-आजोबांच्या काळातले सिनेमाचे नायक, पण हातात कागद आला की निसर्गचित्रकार!

आता तुम्ही म्हणाल, झालं की, बाई! पत्ता मिळाला, पैसे भरा आणि निघा. थांबा जरा.

नोकरी लागली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतः अशा एका शिबिराला गेले होते. थंड हवेचं ठिकाण, पाच दिवस, राहणं-जेवण धरून. नाव सांगत नाही. दोन महिने पैसे साठवले होते, नवे ब्रश घेतले होते. गेल्यावर पाहते तर साठ-पासष्ट माणसं आणि शिकवणारे दोघे. पहिल्या दिवशी ओळख-परेड. दुसऱ्या दिवशी बसमधून सात 'पॉइंट'. प्रत्येक पॉइंटवर वीस मिनिटं. पाणी काढून रंग भिजवेपर्यंत शिट्टी वाजायची! तिसऱ्या दिवशी पाऊस, म्हणून हॉलमध्ये बसून सरांनी फळ्यावर लावलेलं चित्र सगळ्यांनी उतरवलं. साठ माणसांची साठ चित्रं, सगळी सारखी. त्यातलं माझं आईने फ्रेम करून भिंतीला लावलंय. पाहुणे विचारतात, हे कुठलं गाव? मला सांगता येत नाही. कारण मी ते गाव पाहिलेलंच नाही, चित्राचं चित्र काढलंय.

त्या पाच दिवसांनी एक शहाणपण आलं. आता कोणी शिबिराचं विचारलं की मी पहिल्यांदा पॉइंट मोजते. जितके पॉइंट जास्त, तितकं शिबिर कमी आणि सहल जास्त. ताई, तुम्ही पैसे भरायच्या आधी खुशाल विचारा, की मुलं एका जागी सलग किती तास बसतात? त्याच जागी दुसऱ्या दिवशी परत नेता का? शिकवणारे स्वतः मुलांसमोर बसून रंगवतात का? एकेका शिक्षकामागे मुलं किती? मला विचाराल तर पंधराच्या वर नकोत. पाऊस आला तर काय करणार, मुलींबरोबर बाई कोण असणार, संडास-बाथरूम कसं आहे, हेही विचारा. यात लाजायचं काय? कागद त्यांचा की आपला, तेही. जलरंगाला साधा ड्रॉइंगवहीचा कागद चालत नाही, पाणी लागलं की पापडासारखा फुगतो. जाड, ३०० जीएसएमचा कागद लागतो आणि तो महाग असतो. कागदाचे पैसे वेगळे म्हणाले की फीचा आकडा बदलतो!

तर आता येडशीची गोष्ट.

माझ्या वर्गात सातवीत एक मुलगी होती. वहीच्या मागच्या पानावर सतत काहीतरी काढायची: बैल, हापसा, मी खुर्चीवर पेंगतेय, असं. वाईला चार दिवसांचं एक चांगलं शिबिर आहे, असं मला कळलं. मी ठरवलं, हिला पाठवायचं. फी भरू आपण. तिला बोलावून वाईचं एवढं वर्णन केलं, घाट काय, घंटा काय! ती मान खाली घालून ऐकत राहिली. आईवडील ऊसतोडीला गेलेले, दसरा-दिवाळीला जातात ते पार उन्हाळा लागल्यावर येतात. ही आजीजवळ शाळेसाठी मागे राहिलेली. मी आजीकडे गेले. आजी म्हणाली, "परक्या गावात पोरीला चार राती? न्हाई जमायचं, बाई." झालं! संपला विषय.

मग डोक्यात आलं, मुलगी शिबिराला जात नसेल तर शिबिरच इकडे आणावं. बार्शीचे एक निवृत्त चित्रकलेचे सर माझ्या ओळखीचे. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "येतो. गाडीभाडं आणि दोन वेळचं पिठलं-भाकरी." २०२४ च्या फेब्रुवारीत तीन दिवस ठरले. सकाळी सात ते साडेनऊ, संध्याकाळी साडेचार ते सहा. मुलं चौदा. सर म्हणाले, येडशी त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. कुर्डुवाडी-बार्शी-लातूर अशी जी छोटी रेल्वे होती, रुळांत जेमतेम अडीच फुटांचं अंतर असलेली, ती येडशीवरूनच जायची. २००७-०८ मध्ये तिथे मोठे रूळ आले. घाटात ती इतकी हळू चालायची म्हणे, की खिडकीत बसून डोंगराचं रेखाटन पुरं व्हायचं!

पहिल्या सकाळी सरांनी मुलांना शाळेमागच्या माळावर नेलं. समोर बालाघाटची रांग. म्हणाले, "काढा समोरचा डोंगर." बस्स, एवढंच. अर्ध्या तासाने चौदा चित्रं गोळा झाली. काय असेल त्यांत? ओळखलंत ना? दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी, झोपडी, नारळाचं झाड आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी! अहो, येडशीत नारळ देवळापुढे फुटतो, झाडावर कधी दिसत नाही.

सर रागावले नाहीत. त्यांनी चित्रं जमिनीवर ओळीने मांडली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले आणि म्हणाले, "आता यातला डोंगर मला समोर दाखवा."

सगळे गप्प. एकदा चित्राकडे, एकदा समोर. मग आमची ही मुलगी हळूच म्हणाली, "सर, आपल्या डोंगराला टोकच न्हाई की!"

खरंच नाही. तुम्हीही बघा, मराठवाड्यातल्या कुठल्याही डोंगराकडे. माथा सपाट, जणू कोणी सुरीने कापलाय, आणि उतारावर आडव्या पायऱ्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरले. तेच थर झिजून पायऱ्या झाल्या. या खडकाच्या प्रदेशाला डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा शब्दच मुळी स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आला आहे. भूगोलात मी हे पाच-सहा वर्षं शिकवत होते. पण फळ्यावर डोंगर काढायची वेळ आली की मीसुद्धा त्रिकोणच काढायची! त्या दिवशी तो प्रकार बंद केला.

मग सरांनी लग्नपत्रिकांचे पुठ्ठे काढले. प्रत्येकाने मधोमध काडेपेटीएवढी चौकोनी खिडकी कापायची. एक डोळा मिटून त्या खिडकीतून बघायचं, आणि खिडकीत येईल तेवढंच काढायचं. तुम्हीही करून बघा. एवढं मोठं आकाश, एवढा मोठा माळ, कुठून सुरू करू, ही भीतीच जाते. आणखी एक अट होती. आधी पंधरा मिनिटं हात मागे बांधून नुसतं बघायचं. चौदा पोरं पंधरा मिनिटं गप्प, हे दृश्य माझ्या नोकरीत मी पहिल्यांदा पाहिलं.

बघितल्यावर दिसायला लागलं. एक जण म्हणाला, मागचा डोंगर निळा आहे आणि त्याच्या मागचा आणखी फिका. सर खूश! आपल्या आणि डोंगराच्या मध्ये हवा असते. हवा निळा प्रकाश जास्त विखुरते. डोंगर जितका लांब, तितकी मध्ये हवा जास्त, तितका तो निळसर आणि पुसट. इटलीच्या लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी हे आपल्या वह्यांत लिहून ठेवलंय. म्हणजे लांबचा डोंगर पाणी जास्त घालून निळसर काढायचा आणि जवळची बाभूळ गडद. एवढं केलं तरी सपाट कागदाला खोली येते.

दुसऱ्या दिवशी रामलिंग. आमच्या गावाजवळच्या दरीत महादेवाचं देऊळ आहे. पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. जटायूची समाधी इथे आहे असं गावातले लोक मानतात. पावसाळ्यात देवळाजवळ धबधबा कोसळतो, श्रावणात तर नुसती गर्दी. पण आम्ही गेलो फेब्रुवारीत. धबधबा कोरडा ठाक. एक मुलगा हिरमुसला, "आता काय काढू?" सर म्हणाले, "पाणी नाही, पण पाण्याची जागा आहे ना?" खडकावर पाणी जिथून वाहतं तिथे काळा ओघळ उमटलेला होता, वरून खालपर्यंत. त्याने तोच काढला. लातूरच्या दोस्ता, तू धबधबा मागितलास म्हणून मुद्दाम सांगते: ते चित्र बघताना लोकांना पाण्याचा आवाज आठवतो.

फजितीही झाली. आकाशाचा निळा हात एका कडेपासून दुसरीकडे नेईपर्यंत आधीची कड वाळून पट्टे पडायचे. फेब्रुवारीत ही गत, तर एप्रिल-मेमध्ये काय होईल? म्हणून ताई, उन्हाळ्याच्या सुटीत मराठवाड्यात उघड्यावरचं शिबिर शोधू नका. दिवाळीची सुटी बरी. आणि माकडं! एका माकडाने शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा नेला, ते ठीक. दुसऱ्याने पिवळ्या रंगाची ट्यूब नेली, चावली आणि तोंड वेडंवाकडं करून आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्हीच त्याला फसवलं. ट्यूब मात्र परत मिळाली नाही.

ट्यूबवरून आठवलं. पूर्वी चित्रकार तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत! भोक पाडून रंग काढायचा, मग भोक बुजवायचं. कसं घेऊन हिंडणार ते? १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने पत्र्याची पिळायची ट्यूब शोधून काढली, आणि रंगपेटी उचलून माळावर जाऊन बसणं सोपं झालं.

एक सावधगिरी. रामलिंगच्या भोवतीचं जंगल १९९७ पासून अभयारण्य आहे. आम्ही बसलो तेव्हा भीती फक्त माकडांची होती. पण डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ थेट आमच्या अभयारण्यात येऊन कॅमेऱ्यात दिसला! म्हणून आता मुलांना तिथे बसवायचं तर आधी वनखात्याला विचारायचं, सांगितलेल्या जागेवरच बसायचं आणि उजेड असतानाच परतायचं.

तिसरा दिवस सरांनी कडब्याच्या गंजीपाशी काढला. हो, साधी ज्वारीच्या कडब्याची गंज! मुलं कुरकुरली. सर म्हणाले, फ्रान्समध्ये क्लोद मोने नावाचा चित्रकार होता. १८९० मध्ये त्याने घराजवळच्या शेतातल्या गव्हाच्या गंजी रंगवायला घेतल्या. सुमारे पंचवीस चित्रं केली. ऊन सरकलं की हातातला कॅनव्हास ठेवून दुसरा घ्यायचा. सकाळची गंज, दुपारची गंज, बर्फातली गंज. आबालालांचा कोटितीर्थ आठवला का? आमच्या मुलांनी सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन गंजी काढल्या. सकाळी सावली डाव्या हाताला निळसर, संध्याकाळी उजव्या हाताला जांभळी, आणि गंज पिवळी न राहता चक्क तांबूस. "बाई, रंग गंजीचा नसतोय, उन्हाचा असतोय," असं एक चौथीतलं पोरगं मला समजावून गेलं.

शेवटी सर म्हणाले, आता एक स्मरणचित्र. तुम्ही पाहिलेलं, गावाबाहेरचं एक ठिकाण, मनाने आठवून काढा. कोणी तुळजापूर काढलं, कोणी नळदुर्गचा किल्ला, कोणी मामाचं गाव.

आमच्या मुलीच्या चित्रात अगदी मागे फिक्या निळ्या डोंगरांची रांग होती. त्या डोंगरांना मात्र उंच, वेगवेगळे माथे होते. त्याच्या पुढे हिरवागार ऊस. आणि सगळ्यात पुढे, गडद, ओळीने कोप्या, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपड्या. एका कोपीपुढे चूल, वाढ्याची मोळी, आणि पाठमोरी बाई, कमरेला कोयता खोचलेला.

मी विचारलं, "हे कुठलं गं?"

"वाई, बाई."

मला क्षणभर कळेचना. ती म्हणाली, "मागल्या दोन साली आमची टोळी वाईकडं व्हती. तुम्ही सांगत व्हता तवा मला ठाऊक व्हतं."

"मग बोलली का नाहीस? घाट पाहिलास तू?"

"घाट न्हाई पाहिला. फडातनं कुठं जायचं? डोंगर मात्र रोज दिसायचा. सकाळी निळा असायचा, मग गाड्या भरंस्तवर पिवळा व्हायचा." थोडं थांबून तिने विचारलं, "बाई, तिथं लोक पैसे भरून चित्र काढाय येतेत, व्हय?"

मी हो म्हणाले. ती हसली नाही, रागावलीही नाही. ब्रश धुतला आणि कोपीच्या दाराशी राहून गेलेली सावली काढायला लागली.

ती आता हायस्कूलला आहे. यंदा इंटरमिजिएटला बसणार म्हणते. वडिलांचं म्हणणं, आधी दहावी होऊ दे. दिवाळीनंतर ती आजीजवळच राहील की टोळीबरोबर जाईल, हे हंगाम आणि मुकादमाची उचल ठरवते. मी दरवर्षी आजीकडे एक चक्कर मारते.

तर लातूरच्या ताई, वाईचं शिबिर चांगलं असेल, तर जरूर पाठवा मुलाला. मी विचारायला सांगितलेलं विचारून मग पैसे भरा. घाट खरोखरच सुंदर आहे. कागदाच्या एका कोपऱ्यात ऊस आणि कोप्या दिसल्या, तर त्याही काढ म्हणावं.

आणि सुटीला अजून अवकाश आहे, तोवर एखाद्या रविवारी सकाळी येडशीला या. मुलीचं चित्र शाळेच्या व्हरांड्यात लावलेलं आहे, कोरड्या धबधब्याच्या शेजारी. येताना पुठ्ठ्याची खिडकी कापून आणा, पाण्याच्या दोन बाटल्या आणा, आणि पिवळी ट्यूब पिशवीच्या अगदी तळाशी ठेवा.

तुमच्या बाई